उपरणं खांद्यावरच राहू द्या म्हणणाऱ्या डॉक्टरांना

डॉक्टर मॅडम,

अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुमच्या हातात द्यायचं म्हणून दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा सदऱ्याच्या खिशातून तसंच परत आणलं. तुमच्या दाराशी रांग असते, आणि समोर बसलं की मला बोलता येत नाही. म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितो. आठ महिने जे मी बायकोपासूनसुद्धा लपवलं, ते लपवण्यासारखं नव्हतंच, हे माझ्यासारख्या आणखी कुणाला कळलं तर बरं होईल.

तुम्हाला मी आठवत असेन की नाही, कोण जाणे. कृष्णाकाठच्या गावातला ६३ वर्षांचा भिक्षुक. हृदयाचं पंपिंग कमी झालंय, त्याच्या गोळ्या चालू आहेत. आमचं काम उघड्या अंगाचं. सोवळं नेसायचं, उपरणं घ्यायचं, आणि रुद्राला बसलं की तेही कमरेला बांधायचं. गेल्या वर्षी माघात डाव्या स्तनाग्राखाली एक चकती हाताला लागली. जुन्या रुपयाएवढी, रबरासारखी. हळूहळू ती बाजू उठून दिसायला लागली, मग उजवीकडेही थोडं सुरू झालं. दुखणं असं की जानवं घासलं तरी कळ यायची. संध्येत न्यास करताना हृदयाला हात लावायचा असतो, तो मी नुसता जवळ नेऊन मागे घ्यायचो.

भाद्रपदात चतुर्थीला माझ्याकडे सोळा घरचे गणपती असतात. सोळाही घरी मी बनियन घालून बसलो. ‘कफ झालाय, गार वारा बाधतो’ असं सांगितलं. प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हणताना मनात खोटं बोलल्याचं ओझं होतं, ते अजून पुरतं उतरलेलं नाही.

तुमच्याकडे येण्याआधी मी तीन ठिकाणी गेलो होतो. पहिल्या डॉक्टरांनी जे म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. त्यांचा कंपाउंडर हसला आणि बाहेर बसलेल्या दोघांनाही ऐकू गेलं, एवढंच सांगतो. दुसऱ्या ठिकाणी, मोठ्या इस्पितळात, दार उघडं ठेवून ‘काढा सदरा’ म्हणाले. आजूबाजूला शिकणारी पाच-सहा मुलं. हातही न लावता ‘चरबी आहे, वजन कमी करा’ असं सांगितलं. माझं वजन ५४ किलो. चरबी यायची कुठून? तिसऱ्याने २८०० रुपयांचं तेल दिलं आणि ‘कॅन्सरही असू शकतो हं’ असं जाता जाता म्हणाला. त्या रात्री मी विम्याचे कागद काढून बसलो होतो. या तिघांपैकी एकानेही ‘गोळ्या कुठल्या चालू आहेत?’ एवढं विचारलं नाही. आणि ती गोळी ज्यांनी लिहून दिली त्यांनी त्या दिवशी एक वाक्य जास्त बोलायचं होतं. एवढंच माझं म्हणणं आहे.

तुम्ही काय केलंत ते सांगतो. आधी उठून दार लावलंत, पडदा ओढलात, नर्सबाईंना आत थांबायला सांगितलंत. मी उपरणं काढायला लागलो तर म्हणालात, ‘गुरुजी, उपरणं खांद्यावरच राहू द्या. मी एकेक बाजू बघते.’ मग दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊन केलेत. डावीकडचा पदर दुमडून बाजूला केलात, तपासलंत, आणि परत झाकलात. मग उजवीकडचा. शेवटी खांद्यावरून घसरलेली घडी तुम्ही स्वतः सरळ केलीत, जशी देवाच्या अंगावरची शाल सारखी करावी. चाळीस वर्षं मी लोकांच्या घरी मूर्तीला वस्त्र वाहतोय. मला कुणी असं वस्त्र देईल असं कधी वाटलं नव्हतं. त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ‘दुखलं का?’ म्हणून तुम्ही विचारलंत. दुखलं नव्हतं, मॅडम.

मग पिशवीतल्या सगळ्या गोळ्या टेबलावर ओतायला लावल्यात. एक स्ट्रिप उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचून दाखवलीत. लघवी साफ होण्याची म्हणून मी जी घेत होतो, त्या एका गोळीत दोन औषधं होती, आणि दुसरं होतं स्पायरोनोलॅक्टोन. पुरुषाच्या शरीरातही बाईचं हार्मोन थोडं असतंच, ते पुरुषी हार्मोनच्या धाकात राहतं. हे औषध त्या पुरुषी हार्मोनची जागा अडवतं, असं तुम्ही समजावलंत. मी ते माझ्या भाषेत असं समजून घेतलं: यजमानाच्या पाटावर दुसराच कुणी येऊन बसलाय आणि यजमान बिचारा उभा आहे. १९९९ मध्ये छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ही गोळी घेणाऱ्या १०० पुरुषांपैकी सुमारे १० जणांना हा त्रास झाला होता, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत एकाला, हेही सांगितलंत. दहातला एक! आठ महिने मला वाटत होतं की जगात मी एकटाच.

पण ‘ही गोळी वाईट नाही, तिनेच तुमचं हृदय सांभाळलंय, मनाने बंद करायची नाही’ असंही बजावलंत. माझ्यासमोर हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावलात आणि त्याच जातीची दुसरी गोळी, एप्लेरेनोन, ठरवून घेतलीत. कॅन्सरबद्दल मी विचारायच्या आधीच बोललात. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत पुरुष जेमतेम एक असतो. दगडासारखी घट्ट, स्तनाग्राच्या एका बाजूला असलेली गाठ, रक्त येणं, कातडी आत ओढली जाणं अशा खुणा असतील तर थांबायचं नाही. माझी चकती बरोबर मध्यावर आहे आणि मऊसर आहे, असं म्हणालात. तरी सोनोग्राफी करून घेतलीत, माझी झोप परत यावी म्हणून.

‘दुखणं आधी जाईल, सूज मागाहून उतरेल, आणि थोडी राहिलीही तर घाबरायचं नाही. वर्षाच्या आत आलात ते बरं केलंत, पुढे ती गाठ निबर होते आणि मग कापूनच काढावी लागते.’ अगदी तसंच झालं. दिवाळी संपता संपता जानवं टोचेनासं झालं. उजवी बाजू पूर्ववत आहे, डावीकडे हरभऱ्याएवढं काहीतरी अजून लागतं. राहू दे.

आणखी एक सांगायचंय. यंदा माघी गणेश जयंतीला एका घरी १४ वर्षांचा मुलगा पूजेला बसायचा होता. आई सोवळं घेऊन मागे लागलेली आणि तो शर्ट काढायला तयार नाही. ओरडा चालला होता, आजी ‘आजकालची मुलं’ म्हणत होती. मला एका नजरेत कळलं. वर्षापूर्वी मीही त्या आजीच्याच बाजूने बोललो असतो. मी म्हटलं, शर्टावरून उपरणं घे आणि बस, गणपतीला चालतं. पूजेनंतर त्याच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, की या वयात निम्म्याहून अधिक मुलांना थोडंफार असं होतं, बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जातं, त्याला चिडवू देऊ नका आणि एकदा नीट डॉक्टरांना दाखवा. हे ज्ञान माझं नाही, फाइल बंद करताना तुम्हीच बोलला होतात. त्यांनी तुमचा पत्ता घेतलाय. तो मुलगा आला तर त्यालाही आधी दार लावूनच बसवाल, हे मला माहीत आहे.

माणसाला बरं करणारे पुष्कळ आहेत. बरं करताना त्याची लाज जपणारे मला या आयुष्यात फार थोडे भेटले, आणि त्यात एक माझी आजी होती. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा. हे त्यांच्याकडूनच आलं असणार.

चैत्र पाडव्याला गावच्या देवळात लघुरुद्र झाला. अकरा ब्राह्मण होतो, मी दुसऱ्या पाटावर, उपरणं कमरेला.

नव्या गोळीबरोबर पोटॅशियम तपासायला सांगितलंत, तो रिपोर्ट घेऊन पुढच्या महिन्यात येतो. प्रसादाचा शिराही आणतो, साखर कमी घालून. तुम्ही गोड खात नाही असं नर्सबाई म्हणाल्या होत्या.

तुमचा,
डाव्या खांद्यावरच्या उपरण्याचा पेशंट