आपत्कालीन संचातील दोष आणि 'सील फोडल्यास परतावा नाही' या अटीबाबत तक्रार

दिनांक : २३ जून २०२५
तालुका निपाणी, जिल्हा बेळगावी

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : आपल्याकडून घेतलेल्या दोन आपत्कालीन संचांपैकी उघडलेल्या संचात आढळलेले दोष, आणि तो परत घेण्यास आपल्या प्रतिनिधींनी दिलेला नकार.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी ५ मे २०२५ रोजी 'चार माणसे, ७२ तास' असे लिहिलेले दोन आपत्कालीन संच प्रत्येकी ४,८५० रुपयांना, म्हणजे एकूण ९,७०० रुपये आगाऊ भरून, मागवले आणि १२ मे रोजी ते मला मिळाले. एक संच माझ्या घरासाठी घेतला होता व दुसरा चिक्कोडी तालुक्यात कृष्णाकाठी राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावासाठी. बिलाची प्रत आणि मी काढलेली छायाचित्रे या पत्रासोबत जोडली आहेत.

हे संच हौसेने घेतलेले नाहीत, हे आधी सांगणे मला आवश्यक वाटते, कारण फोनवर बोलताना आपल्या प्रतिनिधींचा समज काहीसा तसाच झालेला दिसला. आमचे गाव दूधगंगेच्या काठावर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन वाहतूक बंद पडली, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले, आणि कारदगा-भोज, भोजवाडी-कुन्नूर, मलिकवाड-दत्तवाड हे आमच्याकडचे पूल तर पाऊस जरा जोराचा झाला तरी पाण्याखाली जातात. नदी चढायला दोन दिवस पुरतात, पण उतरायला ती कधीकधी आठवडा घेते, कारण आमच्या नद्यांचे पाणी पुढे कृष्णेत जायचे असते आणि कृष्णाच तुडुंब असली की फुगवटा मागे गावागावांत शिरून तसाच उभा राहतो. त्यामुळे आपल्या ७२ तासांच्या हिशेबाने आमचे भागत नाही, हे मला खरेदी करतानाच ठाऊक होते. पहिले तीन दिवस तरी निर्धास्त जावेत, पुढचे माळ्यावरच्या डब्यांतून भागवता येईल, एवढ्याच अपेक्षेने मी पैसे भरले.

२०१९ मध्ये आमच्या घरात छातीइतके पाणी आले होते. कपाटावर ठेवलेली कागदपत्रांची पेटी वाचली असे आम्ही धरून चाललो होतो, पण कपाटच आडवे झाले. पाणी ओसरल्यावर शेताचे उतारे, रेशनकार्ड, मुलाची गुणपत्रके आणि सासूबाईंचे पेन्शनचे पुस्तक असा सगळा एकजीव झालेला लगदा पेटीतून निघाला, आणि त्यातले जे सुटे झाले ते मी कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून वाळवले. पुढे सगळी कागदपत्रे नव्याने काढण्यात आमचे वर्ष गेले. म्हणून आपल्या संचातील 'एक मीटर खोल पाण्यातही संपूर्ण जलरोधक' अशी जाहिरात केलेली कागदपत्रांची पिशवी हेच माझ्या खरेदीचे मुख्य कारण होते.

आमच्या घरी मृगाच्या सुमारास पावसाळ्याची बेगमी तपासण्याची पद्धत आहे. धान्याला ऊन देणे, काड्यापेट्या आणि मीठ घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरणे, म्हशीची दावी बदलणे ही कामे तेव्हाच उरकतात. त्याप्रमाणे ८ जूनला, रविवारी, मी आपला संच उघडला. पिशवीत खरी कागदपत्रे घालण्याचा धीर मला झाला नाही, तेवढे बरेच झाले. जुन्या वर्तमानपत्राची घडी आत घालून, आपल्या चित्रात दाखवल्याप्रमाणे तोंडाला तीन वळ्या देऊन आणि चाप लावून ती पिशवी मी म्हशीच्या हौदात दगडाखाली दाबून ठेवली. हौदात पाणी जेमतेम दोन फूट होते. तासाभराने काढली तेव्हा वर्तमानपत्र पिळता येईल इतके भिजलेले होते. पाणी तोंडातून शिरले नव्हते, कारण वळ्यांच्या आतली बाजू कोरडी होती. खांद्याचा पट्टा जिथे शिवला आहे तिथल्या टाक्यांच्या भोकांतून ते आत आले, कारण त्या शिवणीवर आतून पट्टी चिकटवलेलीच नाही. पिशवीत पाणी भरून ती उलटी धरली तर त्या जागी ओळीने थेंब धरताना स्पष्ट दिसतात. याचे छायाचित्र जोडले आहे.

दुसरा दोष पिशवीपेक्षाही गंभीर आहे. पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्यांच्या पाकिटावर 'मार्च २०२७ पर्यंत वापरावे' असे लेबल होते, पण ते एका कोपऱ्यात उचललेले दिसले. माझे किराणा मालाचे दुकान आहे आणि लेबलावर लेबल चिकटवलेले का असते, हे गेली बावीस वर्षे मी ओळखत आले आहे. नखाने वरचे लेबल सोलले तेव्हा खाली 'नोव्हेंबर २०२४' छापलेले निघाले, म्हणजे आपण माल पाठवला त्याच्या सहा महिने आधीच गोळ्यांची मुदत संपली होती. तरीही केवळ तारखेवरून तक्रार करू नये म्हणून मी आमच्या पंचायतीच्या वॉटरमनला घरी बोलावले. त्याच्याकडे नळाच्या पाण्यातील क्लोरीन तपासण्याचे साधन असते, ज्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते. विहिरीचे वीस लिटर पाणी कापडातून गाळून, आपल्या पुस्तिकेप्रमाणे एक गोळी टाकून, अर्धा तास थांबून त्याने तपासले, तर पाणी जसेच्या तसे पांढरे राहिले. त्याच विहिरीच्या पाण्यात आरोग्य केंद्रातून मिळालेली गोळी टाकून दुसऱ्या बादलीत तीच तपासणी केली, तेव्हा नळी लगेच पिवळी झाली. पूर आला की विहिरी आणि बोअरवेल बुडतात, गटार आणि पिण्याचे पाणी एक होते, आणि त्यानंतरच्या आठवड्यात गावात जुलाब-उलट्यांची साथ पसरण्याची भीती असते. अशा वेळी निकामी गोळी जवळ असणे हे गोळी नसण्यापेक्षा वाईट, कारण गोळी नसती तर माणूस निदान पाणी उकळून प्याला असता.

या गोळ्यांवर आपला सगळा पाण्याचा हिशेब उभा आहे, म्हणून त्याबद्दलही लिहिते. संचात अर्ध्या लिटरच्या बारा पिशव्या आहेत, म्हणजे सहा लिटर पाणी. चार माणसे आणि तीन दिवस धरले तर माणशी रोज अर्धा लिटर होते. आपत्तीत जीव जगवण्यापुरते, म्हणजे पिण्यासाठी आणि अन्नासाठी, माणशी रोज अडीच ते तीन लिटर पाणी लागते असे मदतकार्याचे आंतरराष्ट्रीय मापदंड सांगतात, आणि त्या हिशेबाने चार माणसांना तीन दिवसांसाठी किमान तीस लिटर हवे. उरलेले पाणी गोळ्यांनी शुद्ध करून घ्यावे असे आपल्याला अभिप्रेत असेल, तर पुराचे पाणी गढूळ असते आणि गोळीतला क्लोरीन त्या गाळातच खर्ची पडतो, म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे, दुहेरी कापडातून गाळावे आणि मगच गोळी टाकावी, हे तरी पुस्तिकेत यायला हवे होते. ते त्यात कुठेही नाही.

पुस्तिकेत मात्र हिमवादळात मोटारीत अडकल्यास काय करावे याला दीड पान दिलेले आहे, आणि मदतीसाठी ९११ हा क्रमांक फिरवावा असे छापले आहे. आमच्याकडे हा क्रमांक ११२ आहे, आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७. पुस्तिका इंग्रजी आणि हिंदीत आहे. मी मराठी वाचते, माझी सून संकेश्वरची असल्याने कन्नड शाळेत शिकलेली आहे, आणि आमच्या घरात वर्तमानपत्रेही दोन भाषांतली येतात. या भागात माल विकायचा तर या दोन्ही भाषांत चार ओळी छापणे आपल्याला जड जाऊ नये. भाषेच्या वादात मला शिरायचे नाही, पण रात्री दोन वाजता मिणमिणत्या उजेडात वाचायचा कागद वाचणाऱ्याच्या भाषेत असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

उजेडावरून बॅटरीचे आठवले. बॅटरीत सेल घालूनच आपण ती पाकिटात बंद केली आहे. तिन्ही सेल फुटून स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर चढला होता आणि बॅटरी लागली नाही. सेल नेहमी बाहेर, वेगळ्या पिशवीत ठेवायचे असतात, हे आमच्या दुकानात येणारी शाळकरी मुलेही जाणतात. जेवण म्हणून दिलेल्या शेवयांच्या पाकिटांना उकळते पाणी लागते, आणि संचात ना शेगडी आहे ना भांडे. त्याऐवजी आमच्या बायका करतात ती कडक भाकरी, शेंगांची चटणी, फुटाणे आणि गूळ एवढे दिले असते, तरी चार माणसे तीन दिवस चूल न पेटवता जेवली असती. पण हा माझा सल्ला झाला, तक्रार नव्हे. प्रथमोपचाराचे साहित्य ठीक आहे, नायलॉनची दोरी मोजली तर सांगितल्याप्रमाणे पंधरा मीटर भरली, आणि शिट्टी इतकी चांगली आहे की नातवाच्या हातून ती दोनदा काढून घ्यावी लागली.

आता मुख्य मुद्दा. ९ जूनला मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला आणि १० जूनला छायाचित्रांसह ईमेल पाठवली. फोनवर मला सांगण्यात आले की माल मिळाल्यापासून दहा दिवसांतच परत करता येतो, आणि संचाचे सील फोडलेले असल्यास दहा दिवसांतही परत घेतला जात नाही. ईमेलला आजतागायत पोच नाही. पुरासाठी घेतलेली वस्तू ग्राहक मे महिन्यात घेतो आणि तिचा उपयोग जुलै-ऑगस्टमध्ये, तोही काही वर्षी करतच नाही, ही गोष्ट आपल्याला विक्री करताना माहीत असते. सील फोडले तर हमी जाते, आणि न फोडले तर आतल्या गोळ्या मेलेल्या आहेत हे कळते ते घराभोवती पाणी उभे राहिल्यावर. तेव्हा ग्राहकाने माल तपासायचा तरी कधी? आपल्या अटीप्रमाणे त्याला तशी वेळच उरत नाही. दोष वापरण्यामुळे झाला असावा, असे आपले प्रतिनिधी म्हणाले. पाकिटावरचे दुहेरी लेबल मी वापरून तयार केलेले नाही.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि महिन्याभरात तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. मुदत संपलेल्या मालावर नवी तारीख चिकटवून विकणे हा तर परताव्याच्या अटींचा विषयच नव्हे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, आणि एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्कही लागत नाही. त्यामुळे आपले कार्यालय दूर आहे ही माझी अडचण राहिलेली नाही. तरीही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याआधी आपल्याला एक संधी द्यावी असे मला वाटते.

माझ्या भावाकडे पाठवलेल्या संचाचे सील मी अद्याप त्याला फोडू दिलेले नाही. त्याच खोक्यातून, त्याच दिवशी आलेला तो संच आहे आणि गठ्ठा (बॅच) क्रमांकही तोच आहे. आपण आपला माणूस पाठवावा आणि तो संच त्याने आमच्यासमोर उघडावा. पिशवी हौदात बुडवण्याची आणि गोळीची तपासणी करण्याची व्यवस्था मी करीन. दोष निघाल्यास दोन्ही संचांचे ९,७०० रुपये परत करावेत, आणि या गठ्ठ्यातील संच ज्या ज्या ग्राहकांना गेले आहेत त्या सर्वांना गोळ्या वापरू नयेत असा संदेश मराठी व कन्नडमध्ये तातडीने पाठवावा. पैशांपेक्षा ही दुसरी मागणी मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण हा माल आमच्या दोन घरांपुरताच गेला असेल असे मी मानत नाही.

नियमाने आपल्याला १० जुलैपर्यंत मुदत मिळते. परंतु ५ जुलैच्या सुमारास पुनर्वसू लागतो, आमच्याकडे त्याला तरणा पाऊस म्हणतात, आणि त्यानंतर आपल्या माणसाला मलिकवाडचा पूल ओलांडून येता येईल याची खात्री मी देऊ शकत नाही. म्हणून ३० जूनपूर्वी कोणता दिवस सोयीचा आहे ते कळवावे. दुकान सकाळी सात ते रात्री नऊ उघडे असते.

कळावे,

आपली ग्राहक
(सही)