फाइल सापडत नाही म्हणतोस, म्हणून हे पत्र

महाल, नागपूर
रविवार, मार्चची दुपार

प्रिय गड्या,

तू पाठवलेला स्क्रीनचा फोटो सकाळी पोह्यांच्या गाडीवर उभा असताना पाहिला. एका हातात तर्रीची प्लेट, दुसऱ्या हातात फोन, दोन्हींत लालच लाल. खाली तुझी ओळ : "प्रोग्राम मेला. पन्नाशीत हे धंदे करायलाच नको होते." अरे बाप्पा, मेला कुठे? पायथॉन या प्रोग्राम लिहायच्या भाषेत तू जी फाइल उघडायला सांगितलीस, ती त्याला सापडली नाही, म्हणून तो थांबला आणि तसं तोंडावर सांगितलं. माझ्या प्रोग्रामनं जे केलं होतं त्यापुढे तुझा फारच गुणाचा म्हणायचा. ते पुढे सांगतो, आधी तुझं पाहू. कोड मेलवर वेगळा पाठवतो. पत्रात इंग्रजी अक्षरं घुसवायचा मला कंटाळा आहे.

त्या लाल ओळी खालून वर वाचायच्या. वरचं सगळं म्हणजे प्रोग्राम कुठून कुठे गेला त्याचा प्रवास. मुद्दा शेवटच्या ओळीत असतो. तुझ्या फोटोत तिथे 'फाइलनॉटफाउंडएरर' आहे, पुढे चौकटी कंसात 'एररनो २', आणि सगळ्यात शेवटी अवतरणचिन्हात फाइलचं नाव. हा २ पायथॉननं शोधून काढलेला नाही, युनिक्स नावाच्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमपासून चालत आला आहे. त्याचा अर्थ, अशी फाइल किंवा असं फोल्डर नाही. त्यातलं फोल्डर विसरू नको. फाइल जागेवर असली आणि वाटेतल्या एका फोल्डरचं नाव चुकलं, तरी हाच २ येतो. २०१२ साली पायथॉन ३.३ येईपर्यंत या चुकीला स्वतःचं नावही नव्हतं. अशा सगळ्या चुका आयओएरर नावाच्या एकाच पोत्यात भरलेल्या असायच्या आणि आकडा बघून कोणती ते ओळखावं लागायचं. आता नाव मिळालंय, म्हणून नाव घेऊन पकडता येते. आकडा १३ दिसला तर दुखणं वेगळं : फाइल आहे, पण हात लावू देत नाही. आमच्याकडे तेव्हा बहुतेक वेळा कोणीतरी तीच फाइल एक्सेलमध्ये उघडी टाकून चहाला गेलेलं असतं.

"पण फाइल तर डोळ्यांसमोर दिसून राहिली आहे!" हे तुझं वाक्य मी गेल्या वर्षी आठवडाभर घरच्यांना ऐकवलं आहे. तुला दिसते रे, प्रोग्रामला कुठे दिसते? नुसतं फाइलचं नाव दिलं की तो जिथे उभा असेल तिथेच बघतो. आणि तो उभा असतो ते तुझा कोड ठेवलाय त्या फोल्डरात असं नाही, त्याला जिथून हाक मारली तिथे. तू व्हीएस कोडमध्ये, म्हणजे कोड लिहायच्या त्या एडिटरमध्ये, वरचं मोठं फोल्डर उघडलं असशील, तर स्वारी त्या वरच्या फोल्डरात उभी. म्हणूनच फाइलवर डबल क्लिक केलं की चालतं आणि व्हीएस कोडमधून चालवलं की बोंब. "देवळाच्या मागे ये" एवढाच पत्ता मी दिला, तर महालात उभा असलेला माणूस घरी पोचेल. सीताबर्डीवर उभा असलेला भलत्याच देवळामागे फेऱ्या मारत बसेल. तेव्हा आधी पायथॉनच्या ओएस मॉड्यूलमधल्या गेटसीडब्ल्यूडी या फंक्शननं तो उभा कुठे आहे ते छापून बघ, आणि लिस्टडिरनं त्याला तिथे काय काय दिसतंय तेही. माझे निम्मे प्रश्न या दोन ओळींनी सुटले. कायमचा उपाय म्हणजे पाथलिब हे पायथॉनचं पत्ते बांधायचं मॉड्यूल वापरून कोडच्या स्वतःच्या फोल्डरपासून पत्ता बांधायचा. पाठवलेल्या कोडमध्ये पहिल्या तीन ओळी त्याच्याच आहेत.

आता नावाची गंमत. विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, लपवून ठेवतं. तू नोटपॅडच्या फाइलला नाव बदलून 'हिशेब डॉट टीएक्सटी' दिलंस, विंडोजकडे एक लपलेलं टीएक्सटी आधीच होतं, झाली दोन शेपटांची फाइल, आणि दिसते मात्र एकच. एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन शेपटं दाखवायला सांग, आधी तेवढं कर. दुसरं, माझ्या बाबतीत खरंच घडलेलं : फाइलचं नाव मी ठेवलं 'हिशोब' आणि प्रोग्राममध्ये लिहिलं 'हिशेब'. मराठीत दोन्ही चालतं, मास्तरांनीही कधी गुण कापले नाहीत. इथे कापले गेले.

पण खरा घाम काढला तो 'व्यापाऱ्यांची यादी' या फाइलनं. अक्षर अन् अक्षर ताडून पाहिलं, बायकोकडून पाहून घेतलं, लिस्टडिरनं छापलेलं नाव आणि माझ्या कोडमधलं नाव एकाखाली एक ठेवलं. हुबेहूब तेच. तरी २. दोन संध्याकाळी गेल्या. मग कळलं की आपला हा अर्धा र, 'ऱ्या' मधला, संगणकात दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा म्हणजे नेहमीचा र, पाय मोडायचा, आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. दुसरी म्हणजे खाली टिंब असलेला वेगळाच र घेऊन त्याचा पाय मोडायचा. पडद्यावर दोघं जुळे भाऊ, आतले आकडे वेगळे. एकात ०९३० आणि पुढे २००डी, दुसऱ्यात ०९३१. मावसभावाच्या दुकानातल्या कीबोर्डनं एक लिहिला होता, माझ्या लॅपटॉपनं दुसरा. पायथॉनमध्ये एस्की नावाचं फंक्शन आहे, त्यात नाव घातलं की प्रत्येक अक्षराचा आकडा उघडा पडतो. तसाच हा चोर सापडला. तेव्हापासून फाइलींची नावं मी मुकाट इंग्रजी अक्षरांत ठेवतो. मराठीचा अभिमान फाइलच्या आत.

आणि तू डी ड्राइव्हवर 'नागपूर' नावाचं फोल्डर करून त्याचा पूर्ण पत्ता लिहिणार असशील, तर हसायची तयारी ठेव. उलटी तिरपी रेघ आणि तिला लागून इंग्रजी छोटं एन आलं की पायथॉन म्हणतो, इथे ओळ संपली. आपलं गाव त्याच्या लेखी नवी ओळ आहे. वर हा घोळ विंडोजवर २ म्हणून येतच नाही, २२ म्हणून येतो, 'हा पत्ताच अवैध आहे' अशा अर्थानं. म्हणजे 'फाइल सापडली नाही' ही चूक पकडायला लावलेल्या सापळ्यात तो अडकतही नाही. पत्त्याआधी एक 'आर' लाव, नाहीतर सरळ उजवीकडे झुकणारी रेघ वापर, विंडोजवरही चालते.

सापळा म्हणजे ट्राय आणि एक्सेप्ट. तुझ्या पुस्तकात पुढच्या धड्यात असेल. ट्रायच्या खाली ज्या ओळीवर भरवसा नाही तेवढीच ठेवायची, म्हणजे फाइल उघडणाऱ्या ओपनची, आणि ती चुकली तर काय करायचं ते एक्सेप्टच्या खाली. अख्खा प्रोग्राम तिथे कोंबू नको. एक्सेप्टच्या पुढे जी एरर पकडायची तिचं नाव लिहायचं, पूर्ण. हे मी इतकं बजावून सांगतोय, कारण मी ते केलं नव्हतं.

माझ्या मावसभावाचं कळमन्याच्या बाजारात संत्र्याचं दुकान आहे, तुला माहीतच आहे. शेतकऱ्याचा माल विकला गेला की त्याला पट्टी करून द्यायची : माल किती, भाव काय, गाडीभाडं किती, उचल घेतली असेल तर ती वजा, आणि मागची बाकी असेल तर ती मिळवून. हे सगळं दिवाणजी हातानं करायचे. मी शिकाऊ उत्साहात म्हणालो, मी करून देतो प्रोग्राम. केला. छान चालला. मागची बाकी प्रत्येक शेतकऱ्याच्या वेगळ्या फाइलमध्ये. आता नव्या शेतकऱ्याची फाइल नसतेच, तेव्हा प्रोग्राम लाल व्हायचा आणि दिवाणजी मला फोन करायचे. दिवसातून चार फोन. वैतागून मी नुसतं एक्सेप्ट लिहिलं, पुढे नाव नाही, गाव नाही, आणि खाली लिहिलं की बाकी शून्य धर. फोन बंद झाले. मला वाटलं, आपण जिंकलो.

नोव्हेंबरात, अंबिया बहाराच्या ऐन गर्दीत, भाच्यानं संगणक 'साफ' करताना बाक्यांचं फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवलं. प्रोग्रामला एकही फाइल सापडेना. त्यानं काय केलं? मी सांगितलं होतं तेच. सगळ्यांची बाकी शून्य. एक अक्षर बोलला नाही. दोन दिवस पट्ट्या छापल्या, लोक पैसे घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी काटोलकडचे एक काका पट्टी हातात धरून उभे राहिले. आवाज चढवला नाही. म्हणाले, "माह्ये मागचे १७,५०० कुठी गेले जी?" मावसभावानं माझ्याकडे पाहिलं. दिवाणजींनी कपाटातून जुनी लाल वही काढली, काकांचं पान उघडलं आणि गप्प बसले. ती वही त्यांनी बंद केलीच नव्हती, माझ्यामागे रोज रात्री लिहीत होते. तिच्यामुळेच वाचलो, नाहीतर दोन दिवसांतल्या कोणाचं किती राहिलं हे शोधायला कुठे गेलो असतो?

संध्याकाळी दिवाणजी मला एवढंच म्हणाले, "भाऊ, वही जागेवर नसली तर मी नवी वही घालत नाही. वही कोणी नेली, ते आधी विचारतो." वर्गात आपल्याला कोणी इतक्या सोप्या शब्दांत काही सांगितलं होतं का रे?

त्या रात्री बसून मी एकेका फाइलपुढे लिहिलं की ही नसली तर काय. छपाईचा आकार आणि दुकानाचं नाव ठेवलेली फाइल नसली तरी बिघडत नाही, ठरलेल्या मापानं छाप. आजच्या नोंदींची फाइल सकाळी नसणारच, नवी कर. मागच्या बाकीची नसली तर मात्र थांब आणि विचार, शेतकरी नवा आहे का? दिवाणजींनी हो म्हटलं तरच शून्य. अख्खं फोल्डरच गायब असेल तर विचारूही नको, काम बंद. चूक एकच, एररनो २, आणि उत्तरं चार. ती पायथॉनला कशी ठाऊक असणार? ती दिवाणजींना ठाऊक होती.

एक धोका जाता जाता सांगतो, तुझ्या फोटोतच दिसला म्हणून. फाइल नाही म्हणते तर ओपनमध्ये वाचायच्या 'आर'च्या जागी लिहायचा 'डब्ल्यू' लिहून बघू, असा विचार तू चौथ्या ओळीत केलेला दिसतो. एरर जाईल खरी. नसलेली फाइल तो तयार करेल. आणि असलेली फाइल उघडताक्षणीच कोरी करून टाकेल. मागे भर घालायची असेल तर 'ए'.

आणि ओपनच्या आधी एक्झिस्ट्स या फंक्शननं फाइल आहे का ते विचारून घ्यायची सवय मलाही होती. वाईट नाही, पण पुरत नाही. विचारणं आणि उघडणं यांच्यामध्ये कोणी पेनड्राइव्ह उपटला तर? पायथॉनवाल्यांची रीत आहे की आधी परवानगी मागण्यापेक्षा मागून माफी मागणं सोपं. बर्डीवर ऑटो वळवणाऱ्यांचीही तीच आहे, पण इथे ती शहाणपणाची ठरते.

पकडल्यावर सांगायचं काय, हाही मोठा प्रश्न. आधी मी छापत होतो, 'फाइल सापडली नाही'. दिवाणजी विचारायचे, कोणती? आता पडद्यावर येतं : "मागच्या बाकीची फाइल सापडली नाही. इथे शोधली : (पूर्ण पत्ता). शेतकरी नवीन असल्यास 'न' दाबा. नसल्यास पट्टी छापू नका, वही बघा." शेवटचे दोन शब्द दिवाणजींनी घालायला लावले. आणि पायथॉननं दिलेली मूळ इंग्रजी ओळ मी फेकत नाही, तारखेसकट वेगळ्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. रविवारी जाऊन वाचतो.

तेव्हा आधी तो कुठे उभा आहे ते छाप आणि मला कळव. मृग बहाराची संत्री बाजारात आहेत, ऊन चढायच्या आत एक चक्कर मार. पेटी मावसभावाकडून, जेवण माझ्याकडे. लॅपटॉप घेऊन ये.

तुझा,
बाकावरचा डावीकडचा

ता. क. काटोलचे काका परवा पुन्हा आले होते. पट्टी हातात दिली तर घडी केली नाही. माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "मागची बाकी मोठ्यानं वाचा जी."