मेट्रो स्वारगेटला आली साहेब, पण स्वारगेटहून घरी कसं जायचं?

माननीय नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, मी धनकवडीला राहते आणि नोकरीला कल्याणीनगरला जाते. पुण्यातल्या कुणालाही हे सांगितलं की आधी 'बाप रे' असंच तोंडातून निघतं, कारण शहराचं एक टोक ते दुसरं टोक. इतकी वर्षं टू-व्हीलरवर जायचे, स्वारगेट, सेव्हन लव्हज चौक, गोळीबार मैदान, कॅम्प, मग बंडगार्डनचा पूल आणि पलीकडे येरवडा, तोंडाला स्कार्फ, पाठीला सॅक, पावसाळ्यात रेनकोटच्या आतून पण भिजायचं आणि ऑफिसात पोचेपर्यंत अर्धा जीव गेलेला असायचा. 29 सप्टेंबर 2024 ला सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाला तेव्हा मी खरंच पेढे वाटले हो, ऑफिसातल्या सगळ्यांना.

आणि मेट्रो चांगली आहे, हे पहिल्यांदा सांगते, कारण हे पत्र मेट्रोला नावं ठेवायला लिहिलेलं नाही. स्वारगेटला खाली उतरायचं, मंडई, कसबा पेठ, मग मुठेच्या पात्राखालून गाडी सिव्हिल कोर्टला येते, तिथे शंभर फूट खोलातून एकामागोमाग एक सरकते जिने चढत वर यायचं आणि रामवाडीची गाडी पकडायची. स्वच्छ, गार, वेळेवर. माझ्या आईला मणक्याचा त्रास आहे, तिला टू-व्हीलरवर बसवून खड्ड्यातून न्यायची मला भीती वाटायची, ती आता मंडईला मेट्रोने जाऊन तुळशीबागेत फिरून येते. सत्तरीच्या बाईला एवढं मोकळं वाटतं म्हणजे काहीतरी नक्कीच बरोबर झालंय.

पण साहेब, आई मंडईला जाते ती स्वारगेटपासून. धनकवडी ते स्वारगेट हे चार-साडेचार किलोमीटर मध्ये आहेतच ना. रिक्षा केली तर पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि पुढे किलोमीटरला 17, म्हणजे मीटरने पाऊणशे रुपये झाले. आणि मेट्रोचं सगळ्यात लांबचं तिकीट किती, तर 35 रुपये. म्हणजे पिंपरीहून स्वारगेटपर्यंत आख्खं शहर ओलांडायला जेवढे लागतात त्याच्या दुप्पट पैसे आमच्या घरापासून स्टेशनपर्यंत जायला. जाऊन येऊन दीडशे, महिन्याचे पंचवीस दिवस धरा, पावणेचार हजार होतात, ते पण नुसते स्टेशन गाठायचे. एवढ्यात टू-व्हीलरचं महिनाभराचं पेट्रोल भरून वर पैसे उरतात. मग लोक काय करणार, परत गाडीच काढणार, आणि माझ्या बिल्डिंगमध्ये तेच झालं, सुरुवातीला आम्ही सहा-सात जण मेट्रोने जायचो, आता मी आणि तिसऱ्या मजल्यावरचा एक मुलगा उरलोय. तो भारती विद्यापीठाच्या पुढे त्याच्या मावशीकडे गेला की तिथून तर आणखी लांब.

तुम्ही म्हणाल स्वारगेट-कात्रज मेट्रो होतेय की. हो, मंजूर आहे, साधारण साडेपाच किलोमीटर, पूर्ण भुयारी, त्याचं भूमिपूजन पण त्याच सप्टेंबरात झालं. खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला मार्गाला आणि नळ स्टॉप-वारजे-माणिकबाग या त्याच्या उपमार्गाला नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, सगळं मिळून 31 किलोमीटरच्या वर आणि 28 स्टेशनं. वनाज-चांदणी चौक आणि रामवाडी-वाघोलीला त्याच वर्षी जूनमध्ये मिळाली. मला या सगळ्याचा आनंद आहे, पण पुणे मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2016 मध्ये झालं आणि स्वारगेटला गाडी लागली सप्टेंबर 2024 मध्ये, जवळजवळ आठ वर्षं. तोपर्यंत धायरीच्या माणसाने, बिबवेवाडीच्या वर अप्पर इंदिरानगरच्या माणसाने, कोंढव्याच्या माणसाने काय करायचं ते कुठल्याच भूमिपूजनात कुणी सांगत नाही. आणि कात्रजपर्यंत मेट्रो गेली तरी आंबेगाव, जांभूळवाडी तिथून पुढेच आहे, तो प्रश्न तसाच पुढे सरकणार.

साहेब, ही माझ्या एकटीच्या मनातली मागणी नाहीये, हे सरकारनेच कागदावर लिहिलेलं आहे. 2017 च्या केंद्राच्या मेट्रो धोरणात स्पष्ट आहे की मेट्रो स्टेशनच्या दोन्ही बाजूंना पाच किलोमीटरपर्यंतचा भाग धरायचा, तिथे फीडर बस (वस्तीतून स्टेशनपर्यंत ने-आण करणारी बस), चालायचे आणि सायकलचे रस्ते यांची सोय कशी करणार ते राज्याने प्रकल्प अहवालातच कबूल करायचं, आणि शहराच्या सगळ्या वाहतुकीसाठी एक एकत्रित प्राधिकरण करायचं. पाच किलोमीटर! म्हणजे धनकवडी त्यात बसते, बिबवेवाडी बसते, सहकारनगर बसतं, सिंहगड रोडचं हिंगणेसुद्धा बसतं. कागदावर आम्ही सगळे मेट्रोचे प्रवासी आहोत. रस्त्यावर आलं की नाही.

मी नकाशा घेऊन बसले होते एका रविवारी, स्टेशनांची नावं बघत. वनाजच्या पुढचं स्टेशन आनंदनगर. आता सिंहगड रोडवर राहणाऱ्याला आनंदनगर म्हटलं की त्याच्या घराशेजारचंच वाटतं, पण हे आनंदनगर पौड रोडचं, कोथरूडचं, मध्ये नदी आणि अख्खं कर्वेनगर. नाशिक फाट्याच्या स्टेशनला तर सुरुवातीला भोसरी नाव दिलं होतं, आणि भोसरी गाव तिथून कितीतरी पुढे. नाव दिलं म्हणून माणूस पोचत नाही ना तिथे, त्याला स्टेशनातून बाहेर आल्यावर समोर उभी असलेली बस लागते, आणि बसवर त्याच्या वस्तीचं नाव लागतं.

आणि बस हीच खरी गोष्ट आहे. आमची आई अजून पीएमटीच म्हणते, ते नाव जाऊन किती वर्षं झाली तरी, 2007 मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरीची पीसीएमटी एकत्र करून पीएमपीएमएल ही एकच बस कंपनी केली ना. केंद्राच्या शहरी वाहतुकीच्या मापदंडाप्रमाणे चांगली सेवा म्हणायची तर लाख लोकांमागे 60 बस पाहिजेत. पुणे-पिंपरी-चिंचवड मिळून साठ-सत्तर लाख लोक धरले तर साडेतीन ते चार हजार बस झाल्या, आणि रस्त्यावर रोज धावतात त्या दोन हजारांच्या आगेमागे, त्यातच पार ग्रामीण भागापर्यंतच्या लांबलांबच्या फेऱ्या. मग गल्लीबोळातली, दर दहा मिनिटांनी सुटणारी छोटी बस आणायची कुठून? ड्रायव्हर-कंडक्टरांचा यात काय दोष, ती माणसं भर उन्हात सातारा रोडवर दिवसभर गाडी चालवतात, मी त्यांच्याशी बोलते, त्यांनाच आधी वाटतं की गाड्या वाढल्या पाहिजेत.

दोष मला वाटतं रचनेत आहे आणि म्हणूनच पत्र तुम्हाला लिहितेय, पीएमपीच्या किंवा मेट्रोच्या ऑफिसात नाही. बस कंपनीत 60 टक्के हिस्सा पुणे महापालिकेचा आणि 40 टक्के पिंपरी-चिंचवडचा, तोटा या दोघांनी भरायचा. मेट्रो महामेट्रोची, म्हणजे केंद्र आणि राज्याच्या मिळून कंपनीची. हिंजवडी-शिवाजीनगर मार्ग पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, तो पण खाजगी भागीदारीत. फूटपाथ महापालिकेचा, रिक्षा स्टँड आरटीओ आणि ट्रॅफिक पोलिसांचा, स्वारगेटचा एसटी स्टँड एसटीचा. आता सांगा, मेट्रोच्या गेटपासून बस स्टॉपपर्यंतची पन्नास पावलं कुणाची? ती पन्नास पावलं सोयीची झाली तर मेट्रोचे प्रवासी वाढतील, पण त्या बसचा खर्च मात्र महापालिकांच्या खिशातून जाईल, मग ती बस का सोडावी कुणी? एकत्रित प्राधिकरण, ज्याला पुण्यात पुम्टा म्हणतात, त्याचा उपयोग याच ठिकाणी आहे. पण त्याच्याकडे स्वतःचा पैसा आणि 'ही बस इथून सुटेल' असं सांगायची ताकद पाहिजे, नुसत्या बैठका होऊन काय उपयोग. आणि दोन्ही महापालिका, मेट्रो, पीएमआरडीए या संस्था ज्या एका खात्याच्या टेबलाशी येऊन भेटतात ते तुमचं खातं आहे.

कोचीत बघा, तिथे मेट्रो कंपनीनेच जानेवारी 2025 मध्ये स्वतःच्या इलेक्ट्रिक फीडर बस रस्त्यावर आणल्या, 15 बस, स्टेशनपासून कॉलेज, ऑफिसं, एअरपोर्ट अशा. पंधरा म्हणजे काही फार नाहीत, पण तिथे निदान मेट्रोने असं धरलं की प्रवाशाचा प्रवास आपल्या गेटबाहेर संपत नाही. आणि आपल्याला लांब कोचीला जायची पण गरज नाही, 2021 मध्ये आपल्याच पुण्यात 'पुण्यदशम' आली होती, छोट्या एसी बस, दहा रुपयांत दिवसभर पेठांमधून कितीही फिरा. त्या गाड्या ज्या गल्ल्यांमधून वळायच्या तिथे मोठी बस अडकून बसली असती. म्हणजे छोटी बस चालवता येते, पुणेकर बसतात, हे सिद्ध झालेलं आहे.

मला जे पाहिजे ते अगदी साधं सांगते. स्वारगेटहून बसचे तीन गोल मार्ग, एक सहकारनगर-पद्मावती-धनकवडी, एक बिबवेवाडी-अप्पर, एक दांडेकर पुलावरून सिंहगड रोडने हिंगण्यापर्यंत. छोट्या गाड्या, सकाळी सात ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते साडेदहा दर दहा मिनिटांनी, बाकी वेळी वीस चालेल. वेळापत्रकात नुसतं 'दहा मिनिटं' नको, मेट्रोची शेवटची गाडी येईपर्यंत शेवटची बस स्टँडवर उभी पाहिजे. रात्री दहानंतर स्वारगेटला उतरणारी बाई काय विचार करत बाहेर येते ते मी सांगू शकते, ती आधी मोबाईलची बॅटरी बघते, मग रिक्षावाल्याचा चेहरा बघते, मग घरी फोन लावून बोलत बोलतच चालायला लागते. मी हे आठवड्यातून दोनदा करते. तिथे एक उजेडात उभी असलेली बस, त्यात चार बायका आधीच बसलेल्या, एवढ्याने किती फरक पडेल ते ज्याला रात्री एकटं जायची वेळ येत नाही त्याला सांगून कळणार नाही.

दुसरं म्हणजे तिकीट. जून 2025 पासून बसचं कमीत कमी भाडं पाचाचं दहा झालं, दिवसाचा पास 40 चा 70 झाला, महिन्याचा 900 चा 1500. डिझेल-सीएनजी महाग झालंय, पगार वाढलेत, मला मान्य आहे. पण जो माणूस बस अधिक मेट्रो अधिक बस असा जातो तो तीनदा कमीत कमी भाडं भरतो, म्हणजे ज्याने गाडी घरी ठेवली त्यालाच जास्त भुर्दंड. मेट्रोतून उतरल्यावर तासाभरात फीडर बस धरली तर तिचं तिकीट त्याच प्रवासात धरा, किंवा दोघांचा मिळून एक मासिक पास काढा, जो माझ्यासारख्या नोकरदार बाईला आणि कॉलेजच्या पोरांना परवडेल. एका कार्डाने दोन्हीकडे पैसे कापले गेले म्हणजे एक तिकीट झालं असं होत नाही.

आणि कात्रजचं भुयार खणायला लागल्यावर सातारा रोडचं काय होणार हा मोठाच विषय आहे. देशातला पहिला बीआरटी, म्हणजे बससाठी वेगळ्या लेनचा, प्रयोग 2006 मध्ये याच कात्रज-स्वारगेट-हडपसर रस्त्यावर झाला. त्यात काय चुकलं काय नाही यावर पुण्यात अजून भांडणं होतात, पण बसला स्वतःची लेन असली की ती पुढे निघून जाते एवढं आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. काम चालू असताना बॅरिकेड लावून रस्ता अर्धा होईल, तेव्हा जी अर्धी वाट उरेल त्यात पहिला हक्क बसचा असू द्या. गणेशखिंड रस्त्यावर हिंजवडी मेट्रोच्या कामात, विद्यापीठ चौकातला पूल पाडल्यानंतर, लोकांनी काय भोगलं ते सगळ्या पुण्याला माहीत आहे. ते आमच्याकडे परत नको.

फूटपाथबद्दल एकच, आई म्हणते स्टेशनातले जिने आपोआप सरकतात पण बाहेर आल्यावर फूटपाथची उंची गुडघ्याएवढी. तिच्या वयाच्या बायका तिथूनच घाबरून परत जातात. हे दुरुस्त करायला केंद्राची मंजुरी लागत नाही.

जूनमध्ये कॉलेजं उघडतात साहेब. कात्रज, धनकवडी, आंबेगाव या पट्ट्यात बाहेरगावाहून शिकायला आलेली हजारो पोरं राहतात, लातूरची, सोलापूरची, बीडची, आल्या आल्या पहिल्या महिन्यात ठरवतात की बसने जायचं का घरच्यांना सांगून सेकंडहँड गाडी घ्यायची, आणि एकदा गाडी घेतली की ती परत बसमध्ये येत नाहीत. त्या तीन गोल मार्गांवरच्या बस निदान जूनच्या आधी सुरू करा.

आपली,
धनकवडीची एक रहिवासी