बीपीए गेले, बीपीएस आले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीत बाळाच्या दुधाच्या बाटल्यांवर अर्धे पान दिलेत, आणि सल्ला काय, तर ‘बीपीए-फ्री’ लिहिलेली बाटली घ्या! बीपीए म्हणजे बिस्फेनॉल-ए, कडक पारदर्शक प्लास्टिक बनवायला वापरतात ते रसायन; शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ते ढवळाढवळ करते. दुधाच्या बाटल्यांच्या भारतीय मानकात (आयएस १४६२५) २०१५ पासूनच बीपीएला मज्जाव आहे. म्हणजे ही अक्षरे छापून कंपनी कुणावर उपकार करत नाही. बीपीए काढून घातले काय, हे मात्र कुणी छापत नाही. आपणही विचारले नाहीत.

‘बीपीए-फ्री’ म्हणवणाऱ्या पुष्कळ वस्तूंत घातले जाते ते त्याचेच भावंड, बीपीएस (बिस्फेनॉल-एस). रेणूतली फिनॉलची दोन कडी तशीच, मधला दुवा तेवढा बदललेला. अमेरिकी संशोधक पॅट्रिशिया हंट यांच्या उंदरांची गोष्ट छापली असतीत तर अर्धे पान सत्कारणी लागले असते. १९९८ साली त्यांच्या प्रयोगशाळेत पॉलिकार्बोनेटचे (बीपीएपासून बनणाऱ्या प्लास्टिकचे) पिंजरे चुकून फरशी धुण्याच्या जहाल द्रावणाने धुतले गेले. प्लास्टिक झिजले, बीपीए सुटले आणि माद्यांच्या बीजांडांत गुणसूत्रांची वाटणी बिघडली. पुढे पिंजरे पॉलिसल्फोन या दुसऱ्या प्लास्टिकचे आले. तेही खराब झाल्यावर त्यांतून बीपीएस पाझरले. बीपीएस आणि इतर पर्याय मुद्दाम देऊन पाहिले, तर बिघाड त्याच जातीचा! हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण म्हणून प्रयोग आपल्या पोरांवर करायचा का?

बाटलीच्या तळाच्या त्रिकोणातला आकडा पाहावा, तो प्लास्टिकचा प्रकार सांगतो. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, दिसायला दुधी. ते बिस्फेनॉलपासून बनत नाही. ७ म्हणजे नुसते ‘इतर’. त्यातली पारदर्शक, मधासारखी पिवळसर झाक असलेली बाटली पीईएसची (पॉलिइथरसल्फोन या प्लास्टिकची) असू शकते, आणि त्याच्या घडणीत बीपीएसच असते.

५ आकडा दिसला म्हणून निर्धास्तही होऊ नये. पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत गरम पाणी घालून हलवले की प्लास्टिकचे सूक्ष्म कण लाखांनी सुटतात. पाणी जितके गरम तितके जास्त. म्हणून पाणी स्टीलच्या भांड्यात उकळावे, (पावडरीतले जंतू मरावेत म्हणून) ७० अंशांखाली उतरू न देता काचेच्या किंवा स्टीलच्या स्वच्छ भांड्यातच दुधाची पावडर कालवावी आणि कोमट झाल्यावर बाटलीत ओतावे. उकळलेली बाटली आधी गार होऊ द्यावी, मग उकळून गार केलेल्या पाण्याने तीनदा विसळावी. तारेची घासणी नको, मायक्रोवेव्ह तर नकोच. ओरखडे पडलेली, धुरकटलेली बाटली सरळ टाकावी. खरे तर आजीचे बोंडले किंवा वाटी-चमचा काय वाईट होता? पण त्याची जाहिरात कोण देणार!

जाता जाता: म्हापशाच्या बाजारात गरम मिरची-भजी आजही वर्तमानपत्रात बांधून मिळतात. खाद्यपदार्थ असे गुंडाळायला २०१८ च्या पॅकेजिंग नियमांत मनाई आहे. परवाचा पुडा आपल्याच अंकाचा होता, आरोग्य पुरवणीचा.

– एक वाचक, बार्देश