बास गिटारची मान आणि खारी हवा

संपादक महोदय,

पावसाळ्यात तियात्राच्या (गोव्यातल्या कोंकणी संगीतनाट्याच्या) बँडमधली बास खरखरू लागली की तारांचा आवाज टिपणाऱ्या बिचाऱ्या पिकअपवर खापर फुटते. आधी मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, तपासावी. पहिला आणि शेवटचा फ्रेट (मानेवरची धातूची आडवी काडी) एकाच वेळी दाबून सातव्यावर तार किती उचलली आहे ते बघा, 0.3 मिमीच्या आसपास फट पुरे. फट कमीजास्त असेल तर मानेचा बाक सुधारणारी आतली सळई, ट्रस रॉड, एका वेळी पाव फेराच फिरवावी. मानेवरच्या शिसवीच्या पट्टीला वर्षातून एकदा तेलाचा हलका हात, लॅकरच्या मेपलला तेल अजिबात नको. नट (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) मोजूनच घ्यावा: फेंडरच्या जॅझ बास मॉडेलचा 38 मिमी, प्रिसिजन मॉडेलचा त्याहून रुंद. खाऱ्या हवेने सॅडलचे (तार टेकते त्या ठोकळ्यांचे) बारीक स्क्रू आधी गंजतात. मग ॲलन की घसरते आणि षटकोनी खाच गोल होते. स्टेनलेसचे मागवा, आटे जुळवून.

— एक वाचक, मडगाव