इव्हेंट कॅमेऱ्याचा थ्रेशोल्ड नागपूरच्या उन्हात ठरवावा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

वाहतुकीवर नजर ठेवण्यासाठी आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी इव्हेंट कॅमेऱ्याचे नाव हल्ली वारंवार ऐकू येते. मात्र त्याचा थ्रेशोल्ड किती ठेवला होता हे क्वचितच सांगितले जाते, आणि ते कळल्याशिवाय त्याच्या निष्कर्षांवर विसंबता येत नाही.

साधा कॅमेरा ठरावीक वेळाने पूर्ण चित्र टिपतो. इव्हेंट कॅमेऱ्यातील प्रत्येक पिक्सेल मात्र स्वतंत्रपणे काम करतो. मागच्या नोंदीच्या वेळी होता त्यापेक्षा उजेड ठरावीक प्रमाणात वाढला किंवा घटला, की तो नोंद पाठवतो, एरवी गप्प राहतो. हे प्रमाण म्हणजेच थ्रेशोल्ड. उजेड दुप्पट झाला, तर ५० टक्क्यांच्या थ्रेशोल्डवर हिशेबाने एकच नोंद मिळते, २० टक्क्यांवर ३ आणि १० टक्क्यांवर ७.

थ्रेशोल्ड खाली आणला की बारीक हालचाल टिपली जाते, पण नको त्या नोंदीही वाढतात. आमच्या प्रयोगशाळेत जुन्या चोकच्या ट्यूबलाइटखाली कॅमेरा छताच्या पंख्याकडे रोखला असता, थ्रेशोल्ड पुरेसा वर असेल तर पांढऱ्या छतावर गडद पात्यांच्या कडा तेवढ्या उमटतात. तो खाली आणला की कोरे छतही लुकलुकू लागते, कारण ५० हर्ट्झच्या विजेवर अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. नोंदींचा असा लोंढा आला की त्या बाहेर नेणारी यंत्रणा तुंबते आणि हवी असलेली नोंद उशिरा पोहोचते किंवा गळून जाते. उलट थ्रेशोल्ड २० टक्क्यांवर असेल आणि सिमेंटच्या रस्त्यावरून चाललेल्या राखाडी कपड्यांतील पादचाऱ्याचा रस्त्याशी फरक १५ टक्केच असेल, तर कॅमेऱ्याच्या लेखी तो माणूस तिथे नसतोच. हा धोका मला अधिक गंभीर वाटतो. नको त्या नोंदी निदान पडद्यावर दिसतात, सुटलेला माणूस दिसत नाही.

आपल्या शहरापुरता आणखी एक मुद्दा आहे. पिक्सेलमधील ट्रान्झिस्टरमधून झिरपणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह तापमानाबरोबर वाढतो आणि त्यामुळे समोर काहीही हलत नसताना ‘उजेड वाढला’ अशा खोट्या नोंदी होतात. थ्रेशोल्ड जितका कमी, तितक्या त्या लवकर होतात. वातानुकूलित खोलीत बसवलेली घडी मे महिन्यात वर्धा रोडवरच्या खांबावर, ४५ अंशांच्या उन्हात तापलेल्या डब्यात तशीच टिकेल, असे गृहीत धरता येत नाही. रात्री तर उजेड अपुरा पडल्यानेच खोट्या नोंदी वाढतात.

म्हणून महाविद्यालयांनी प्रकल्प अहवालात उजेड वाढल्याचा आणि घटल्याचा असे दोन्ही थ्रेशोल्ड, तसेच त्या वेळचा प्रकाश आणि तापमान नोंदवणे सक्तीचे करावे. सार्वजनिक वापरासाठी असा कॅमेरा घेताना त्याची चाचणी भर उन्हाळ्यात, दुपारी आणि रात्री, प्रत्यक्ष रस्त्यावर घ्यावी, अशी अट निविदेत असावी.

आपला विश्वासू,
इलेक्ट्रॉनिक्सचा एक प्राध्यापक, नागपूर