कानशीचा ताव

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

कानशीचा सुरा घडवताना हातोड्याखाली त्याचे तुकडे झाले, असं परवा फोनवर म्हणालास. तुझा आवाज उतरलेला होता. हात चुकला असं वाटतंय ना तुला? हात नाही रे, ताव चुकला.

साधं लोखंड तू लहानपणापासून माझ्यासोबत तापवलंस. ते १२५० अंशांपर्यंत, पांढरट पिवळं होईतो तापवलं तरी सोसतं. कानशीत कार्बन एक टक्क्याच्या वर असतो, आणि कार्बन वाढला की पोलाद लवकर वितळतं. तेवढाच ताव दिलास तर ते आतून, दाण्यांच्या सांध्यांत वितळायला लागतं. मग पहिल्याच घावाला ढेप फुटावी तसं फुटतं. तापलेल्या पात्यातून फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या होत्या का, आठवून बघ. उडाल्या असतील तर ते जळालं. जळालेलं पोलाद परत जुळत नाही, कापूनच टाकावं लागतं.

कानशीला १०५० अंशांच्या वर नेऊ नकोस, म्हणजे पिकलेल्या संत्र्याचा रंग. हळदीसारखा पिवळा दिसायला लागायच्या आधीच सांडशीने बाहेर काढ. आणि साडेआठशेच्या खाली, लाली काळवंडायला लागली की हात थांबव. तेव्हा मारलेल्या घावाची चीर लगेच दिसत नाही, पाणी देताना उघडते. दोन घाव कमी बसले तर बसू देत, पुन्हा भट्टीत घाल.

तुझी भट्टी अंगणात आहे, तिथेच घोटाळा असावा असं मला वाटतं. उन्हात रंग फिका दिसतो, पोलाद थंड वाटतं आणि आपण भाता मारत राहतो. माझंही एक पातं असंच गेलं होतं, भर दुपारी, आणि रात्रभर मला झोप नव्हती. वर पत्रा टाक, तीन बाजूंनी गोणपाट लाव. सावलीत रंग खरा दिसतो.

तुटलेले तुकडे फेकू नकोस. फुटलेल्या जागी साखरेसारखे चमकते दाणे दिसतात की राखाडी, मऊसर, ते बघून ठेव. मी पुढच्या आठवड्यात येतोय, येताना दोन जुन्या कानशी आणतो. भट्टी संध्याकाळी पेटवू.

तुझे,
बाबा